चौथ्या फळीचे मोल

१९९३ सालच्या जून महिन्यात कॅनडातील विनिपेग जेट्स या व्यावसायिक आइस हॉकी संघाने आपला एक तरुण खेळाडू अमेरिकेतील डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाला देऊन टाकला. व्यवहाराची रक्कम होती एक डॉलर. पूर्ण घसारा झालेले टेबल आपल्याकडे एक रुपया किमतीने वहीत राहते, त्यातलाच हा प्रकार. त्या खेळाडूचे नाव क्रिस ड्रेपर. पुढे तो डेट्रॉइटकडून सतरा हंगाम आणि हजाराहून अधिक सामने खेळला. १९९७, १९९८, २००२ आणि २००८ असा चार वेळा त्याच्या संघाने स्टॅन्ले चषक जिंकला. गोल करणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव क्वचितच वर असे. तरीही त्याच्यासारख्या खेळाडूवाचून मोठे संघ उभे राहत नाहीत, असे माझे मत आहे आणि ते येथे मांडावयाचे आहे.

आपल्या वाचकांना हॉकी म्हटली की मेजर ध्यानचंद आठवतात, आणि ते योग्यच आहे. बर्फावरील हॉकी मात्र निराळी. लडाखमध्ये हिवाळ्यात ती उत्साहाने खेळली जाते. तिचे व्यावसायिक माहेर उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग हे. प्रत्येक सामन्यात संघाकडे वीस खेळाडू सज्ज असतात : बारा आघाडीचे, सहा बचावाचे आणि दोन गोलरक्षक. बर्फावर एका वेळी सहाच उतरतात. आघाडीच्या बारा जणांच्या तिघा-तिघांच्या चार फळ्या होतात. एका फळीची पाळी पाऊण मिनिटाच्या आसपास. एवढ्या वेळात माणूस पूर्ण ताकदीने धावून दमतो आणि दुसरी फळी कठडा ओलांडून आत येते. पहिल्या दोन फळ्यांत तारे असतात. चौथ्या फळीला साठ मिनिटांच्या सामन्यात दहाएक मिनिटे मिळतात.

त्या दहा मिनिटांत काय करावयाचे असते? प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत घुसून त्याच्या बचावपटूला उसंत मिळू द्यायची नाही. चकती कोपऱ्यात, कठड्याला चिकटून पडली की अंगावर कोणी येते आहे हे ठाऊक असूनही तेथे प्रथम पोहोचावयाचे. गोलसमोरच्या गर्दीत उभे राहून पाठीवर काठीचे तडाखे सोसायचे. आपल्या एखाद्या खेळाडूला शिक्षा होऊन तो दोन मिनिटे बाहेर बसला की पाचांसमोर चौघांनी किल्ला लढवायचा, आणि जोरकस फटका येताना दिसला की बाजूला न होता त्याच्या आड यायचे. ही चकती कडक रबराची असते आणि ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येऊ शकते. एवढे करून पाळी संपली तरी गुणफलक जसाच्या तसा राहतो. तो तसा राहिला, हीच त्या पाळीची कमाई.

ड्रेपरच्या फळीला डेट्रॉइटमध्ये ‘ग्राइंड लाइन’ म्हणत. आपल्या भाषेत दळण दळणारी फळी. ड्रेपर, कर्क मॉल्टबी आणि जो कोचर हे तिचे पहिले तिघे. पुढे कोचरच्या जागी डॅरेन मॅकार्टी आला. १९९७च्या अंतिम लढतीत फिलाडेल्फिया फ्लायर्सचा संघ अंगापिंडाने दांडगा होता आणि पुष्कळांचा कौल त्यांच्याकडे होता. पहिल्याच सामन्यात डेट्रॉइटने चार गोल केले. त्यांपैकी दोन फेडोरोव्ह आणि आयझरमन या ताऱ्यांचे, तर उरलेले दोन मॉल्टबी आणि कोचर या दळण दळणाऱ्यांचे. चौथ्या सामन्यातील निर्णायक गोल मॅकार्टीचा होता. बेचाळीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर चषक डेट्रॉइटला परत आला. त्या मालिकेच्या जेमतेम वर्षभर आधी ड्रेपरचा चेहरा एका प्रतिस्पर्ध्याने मागून दिलेल्या धडकेने कठड्यावर आपटून जबडा, गालाचे हाड आणि नाक मोडले होते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

दुसरे उदाहरण बॉस्टन ब्रुइन्सच्या ग्रेगरी कॅम्पबेलचे. ५ जून २०१३ रोजी पिट्सबर्गविरुद्धच्या उपांत्य मालिकेतील तिसऱ्या सामन्यात बॉस्टनचा एक खेळाडू शिक्षा भोगत होता. पिट्सबर्गच्या येवगेनी माल्किनने मारलेला फटका कॅम्पबेलने अंगावर घेतला आणि त्याच्या उजव्या पायाचे हाड मोडले. अशा वेळी बर्फावरून निघून जाणे म्हणजे संघाला पाचांसमोर तिघांवर आणणे. कॅम्पबेल उठला आणि एका पायावर तोल सावरीत, काठी पुढे धरून, जवळपास मिनिटभर उभा राहिला. धोका टळला तेव्हाच तो बाहेर गेला. बॉस्टनने तो सामना दुसऱ्या जादा वेळेत २-१ असा जिंकला आणि पुढे मालिकाही. विजयी गोल पॅट्रिस बर्जेरॉनचा आहे. कॅम्पबेलच्या त्या मिनिटाचा मात्र गोलांच्या नोंदीत कोठेही उल्लेख नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. कष्टाळूपणाच्या नावाखाली या खेळाने पुष्कळ काळ निव्वळ मारामारी करणारेही पोसले. २०११ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी मृत्यू पावलेल्या डेरेक बूगार्डच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार आघातांनी होणारा विकार आढळला. त्या प्रकारच्या खेळाडूचे समर्थन मला करावयाचे नाही. मुष्टियुद्ध करणारा आणि चकतीसाठी कोपऱ्यात शिरणारा हे दोघे एकच नव्हेत, जरी प्रेक्षागृहातील आरोळ्या दोघांना सारख्याच मिळत असल्या. कॅम्पबेलच्या धैर्याचे कौतुक करतानाही, मोडलेल्या पायाने उभे राहणे ही कोणाकडूनही अपेक्षा ठेवण्याची गोष्ट नाही, हे मी मान्य करतो.

दुसरा आक्षेप आकडेतज्ज्ञांचा. ते विचारतात, एखादा खेळाडू फार धडका देतो याचा अर्थ काय? धडक चकती असलेल्याला द्यावयाची असते. म्हणजे ज्याच्या धडका अधिक, त्याच्या संघाकडे चकती कमी वेळ होती. हा मुद्दा मला पटतो. म्हणूनच केवळ जिद्द पुरत नाही. ड्रेपर त्या काळातील अतिशय वेगवान स्केटरांपैकी एक होता, आणि २००४ साली बचावाची बाजू उत्तम सांभाळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला दिला जाणारा सेल्की पुरस्कार त्याला मिळाला. कौशल्य नसलेला कष्टाळू माणूस संघाला ओझे होतो. कौशल्य असून कोपऱ्यात जाण्यास नाखूश असलेला तारा मात्र आपले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून मोकळा होतो. व्यवस्थापकांना दुसऱ्याचा खर्च सहसा दिसत नाही.

पैशाचेही गणित आहे. २००५ पासून लीगने प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर कमाल मर्यादा घातली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. ताऱ्यांना मोठा वाटा दिल्यावर उरलेल्या रकमेत बाकीचे खेळाडू बसवावे लागतात. तेव्हा चषक कोणाचा, हे बऱ्याचदा स्वस्तात मिळालेले लोक किती कामाचे निघतात यावर ठरते. २०१८ साली वॉशिंग्टन कॅपिटल्सने आपला पहिला चषक जिंकला तो ओव्हेच्किनच्या नावाने ओळखला जातो, आणि ते रास्त आहे. पण त्या संघातील देवांते स्मिथ-पेली याचा करार त्याच्या आधीच्या संघाने वर्षभरापूर्वी मोडून टाकला होता. नियमित हंगामात त्याने सात गोल केले, आणि बाद फेरीतही सातच. त्यांतील शेवटचा अखेरच्या सामन्यात, संघ एका गोलने मागे असताना, तोल जाऊन खाली पडता पडता मारलेला. त्याने बरोबरी झाली.

आपल्या शाखांमध्ये हे चित्र अपरिचित नाही. ठेवी आणणाऱ्याचे आणि कर्जवाटपाचे उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्याचे नाव फलकावर लागते, लागावेही. परंतु उचंत खात्यातील जुन्या नोंदी एकेक करून निकाली काढणारा, दिवसअखेर जुळेना तर फरक सापडेपर्यंत न उठणारा, निवृत्तिवेतनधारकांच्या रांगेतील दहाव्या आजोबांनाही पहिल्याइतक्याच शांतपणे उत्तर देणारा कर्मचारी कोणत्या रकान्यात बसतो? चूक झाली नाही, ग्राहक खाते बंद करून गेला नाही, या गोष्टींचा आकडा निघत नाही. मूल्यमापनाचे तक्ते बनवणाऱ्यांनी यासाठी वेगळा रकाना ठेवावा, आणि तो त्या माणसाशेजारी बसून काम करणाऱ्यांकडून भरून घ्यावा, असे मला वाटते. सहकाऱ्यांना हे नेहमीच ठाऊक असते. ग्राहकांनाही, त्यांना विचारले तर.

आइस हॉकीने निदान एक सोय केलेली आहे. स्टॅन्ले चषकावर विजेत्या संघातील खेळाडूंची नावे कोरली जातात, आणि तेथे चौथ्या फळीसाठी लहान टाइप वापरीत नाहीत. ड्रेपरचे नाव त्यावर चार वेळा आहे, निकलस लिड्स्ट्रॉम या त्याच्या थोर सहकाऱ्याइतकेच. २०११ साली ड्रेपर निवृत्त झाला आणि डेट्रॉइटच्याच व्यवस्थापनात रुजू झाला. २०१९ मध्ये त्याचा जुना कर्णधार स्टीव्ह आयझरमन संघाचा महाव्यवस्थापक होऊन परतला, तेव्हा त्याने हौशी संघांतून नवे खेळाडू हेरण्याच्या विभागाचे प्रमुखपद ड्रेपरच्या हाती दिले. कोणत्या मुलाची काय किंमत, हे ठरवण्याचे काम आता त्या एका डॉलरच्या खेळाडूकडे आले होते.