'विनाकारण बसू नये'

दाभोळ खाडीच्या काठावरच्या एका जुन्या जेट्टीला पावसाळा संपल्यावर लोखंडी फाटक लागलंय. सकाळी नऊला उघडतं, संध्याकाळी पाचला कुलूप. शेजारी पाटी : 'सायं. ५ नंतर प्रवेश बंद. विनाकारण बसू नये.' जेट्टीचं नाव लिहीत नाही. चिपळूण-खेड-गुहागरकडच्या ज्यांना कळायचं त्यांना ते कळलंच आहे. शिवाय गरवणारा माणूस आपली जागा फेसबुकवर सांगत नसतो.

बातमी म्हणून हा विषय चार ओळींचा. त्या चार ओळी मी दिल्या, छापूनही आल्या. त्यावर एका सद्गृहस्थांचा फोन आला, "बरं झालं हो, ते रिकामटेकडे तरी हटले." त्या रिकामटेकड्यांमध्ये गेली अकरा वर्षं मीही आहे, हे त्यांना माहीत नसावं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. वाचायला वेळ नसेल तर सोडून द्या, पण वाचलंत तर पूर्ण वाचा.

आधी हे सांगतो की तिथे बसतं कोण. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. स्टँडवरचे दोन रिक्षावाले. एक वकील, जे कोर्टात आवाज चढवतात आणि जेट्टीवर तासन् तास तोंड उघडत नाहीत. गोवळकोटकडचे एक चाचा, वय सत्तरीच्या पुढे, रीळ-काठी कधी हातात धरली नाही. नुसता तंगूस, खाली शिसं, टोकाला गरी आणि सगळं लक्ष बोटाच्या पेरावर. एका रविवारी तर मी असे दोघं एकाच डब्यातली कोळंबी गरीला लावताना बघितले, जे ग्रामपंचायतीला एकमेकांच्या विरोधात उभे होते. निवडून तिसराच आला होता. त्या दिवशी दोघांचा विषय एकच, की तिसऱ्याला गरवता येत नाही.

हसण्यावारी नेऊ नका. माझा धंदा माणसांना भेटायचा. दिवसभरात जो भेटतो तो कुठल्या तरी पक्षाचा, वाडीचा, जातीचा, नाहीतर कामाचा म्हणून भेटतो. चहाच्या टपरीवरसुद्धा आता कोण कुठे बसतं त्यावरून गट कळतो. जेट्टीवर माणूस फक्त 'काय लागलं का?' एवढंच विचारतो. उत्तर बहुतेक वेळा 'नाय रे' असतं आणि तेवढ्यावर मैत्री चालते. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्यातल्या एका रिक्षावाल्याच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी त्याच्या दारात फावडी-घमेली घेऊन जे नऊजण उभे होते, त्यातला एकही त्याचा नातेवाईक नव्हता, एकही त्याच्या वाडीतला नव्हता. वकीलसाहेब गुडघाभर चिखलात उभे राहून कपाट धूत होते. याला कुठली समिती नव्हती, बॅनर नव्हता, म्हणून फोटोही नाही.

आता त्या 'विनाकारण'बद्दल. पाटी लिहिणाऱ्याला गळ टाकून बसणं विनाकारण वाटत असेल. पण त्या बसण्यात जे शिकायला मिळतं ते या गावात दुसरीकडे कुठे शिकवतात ते मला दाखवा. भरतीचं गणित घ्या. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हे झालं समुद्राच्या तोंडाशी. वर खाडीत पाणी चढायला आणखी वेळ लागतो आणि तो प्रत्येक जागेचा वेगळा. तो कुठल्या ॲपवर नसतो, चाचांकडे असतो. उधाणाला पाणी जोरात चढतं-उतरतं, शिसं जागेवर ठरत नाही. भांगाला पाणी मंद, तेव्हा गरवायची पद्धतच बदलते.

त्यात आपल्या वाशिष्ठीची आणखी एक गंमत आहे. कोकणातल्या बऱ्याच नद्या मार्च-एप्रिलला आटतात, आपली वाहते, कारण कोयनेचं वीज करून झालेलं पाणी पोफळी-कोळकेवाडीकडून हिच्यात येतं. लवादाने पश्चिमेकडे वळवायला मुभा दिलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी आहे. म्हणजे राज्यात विजेची मागणी वाढली की आमच्या नदीचं पाणी वाढतं. खालून समुद्राची भरती, वरून कोयनेचं गोडं पाणी आणि या दोघांच्या मध्ये कुठेतरी मासा. खारं कुठवर आलंय, गोडं कुठवर उतरलंय, यावर तांबोशी लागणार की शिंगाळा हे ठरतं. गुरुजी बोट पाण्यात बुडवून जिभेला लावतात आणि सांगतात, "आज वरचं पाणी आहे, उगाच कोळंबी फुकट घालवू नका." बहुतेक वेळा बरोबर निघतं. चुकलं तर त्यांना चहा पाजावा लागतो.

हेच लोक खाडीत काही बिघडलं की पहिले सांगतात. पाण्याला वेगळा वास आला, रंग बदलला, बोय वर येऊन तोंड उघडायला लागली, की फोन जेट्टीवरून येतो. दाभोळ खाडीत मासे मरण्याच्या बातम्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचा वाद काही आजचा नाही. भोई समाजाची माणसं त्यावर वर्षानुवर्षं भांडतायत. नमुने घ्यायला माणूस येईपर्यंत दोन भरत्या होऊन गेलेल्या असतात आणि पाणी स्वच्छ दिसतं. त्यामुळे रात्री-पहाटे काठावर कोणीतरी जागं असणं ही फुकटात मिळालेली राखण आहे. ती पाचला कुलूप लावून कोणाच्या सोयीसाठी बंद केली, हा प्रश्न पत्रकार म्हणून मी विचारणारच.

कारण विचारलं तर उत्तर मिळालं 'सुरक्षा'. बरोबर आहे, खाडीत मगरी आहेत. मालदोलीकडे मुंबई-पुण्याची माणसं पैसे देऊन त्या बघायला येतात. जेट्टीवरून पाय घसरून पडायची भीतीही खोटी नाही. पण फाटक लागल्यावर काय झालंय ते एकदा जाऊन बघा. गरवणारे घरी बसलेले नाहीत. ते जेट्टीच्या दोन्ही बाजूंनी कांदळवनातून वाट काढून चिखलात उतरतायत. उंच, कोरड्या, दिवा असलेल्या दगडी जागेवरून माणसं हटवली आणि पाण्याच्या पातळीला, अंधारात, नेमकी मगरी उन्हाला येऊन पडतात त्या चिखलावर नेऊन बसवली. याला सुरक्षा म्हणतात? ओहोटीला मुळे-तिसऱ्या काढायला जाणाऱ्या बायकाही याच पायऱ्यांनी उतरायच्या. त्यांची ओहोटी पहाटे असली तर फाटक बंद. त्यांना आता लांबून फिरून यावं लागतं, टोपली डोक्यावर घेऊन. फाटक लावताना त्यांना कोणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नाही आपल्याकडे.

खरं कारण दुसरं आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे : बाटल्या. संध्याकाळनंतर गाड्या लावून प्यायला येणारी टोळकी. फुटलेल्या काचा, चिवड्याच्या पिशव्या, वाढदिवसाचे केक. त्यांचा बंदोबस्त करायला गस्त लागते, गस्तीला माणूस लागतो, फाटकाला फक्त वेल्डर लागतो. म्हणून फाटक.

पण आपल्यातल्याही काही जणांना चार शब्द ऐकवतो, राग आला तर येऊ दे. तंगूस तुटला की तिथेच टाकून जाणारे आपलेच आहेत. त्यात बगळा अडकून लटकलेला बघितलाय मी. हातभर नाही, वीतभरही नाही अशा तांबोशी पिशवीत घालून फोटो टाकणारेही आपलेच. अरे, तांबोशीची पिल्लं खाडीत वाढतात आणि मोठी होऊन अंडी घालायला बाहेर समुद्रात जातात. वीतभराची नेलीस तर तिने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत. जिताड्याचं उलटं. तो लहानपणी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे ज्या मोठ्या धुडासोबत छाती काढून फोटो काढतोस ती बहुधा अंड्यांवरची माय असते. खायचा तेवढा न्या, बाकी सोडा. वर नदीच्या डोहात ब्लिचिंग टाकणारे, करंट लावणारे, जिलेटिन उडवणारे यांना तर मी गरवणाऱ्यांत धरतच नाही. आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे पोत्याने मारायचे, मग मे महिन्यात 'पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत' म्हणून उसासे टाकायचे, हा आपला लाडका कार्यक्रम आता बंद व्हायला हवा.

दुसरं, हौसेचा मासा बाजारात विकू नये. आपल्याला पगार आहे, पेन्शन आहे, रिक्षा आहे. भोईवाड्यातल्या माणसाचं घर त्या खाडीवर चालतं. त्याच्या जाळ्याच्या वाटेत गरी टाकायची नाही, त्याची होडी लागत असेल तर काठी उचलून बाजूला व्हायचं. चाचांनी मला पहिल्याच महिन्यात हे शिकवलं, तेही शब्दाने नाही. होडी दिसली की ते तंगूस गुंडाळायला घेतात, मग बाकीचे आपोआप घेतात. बदल्यात काय मिळतं? होडीतून जाता जाता भोईकाका ओरडून सांगतात, "खालच्या वळणावर कोळंबी आल्ये रे, पुढच्या भरतीला बसा." असं पाटी लावून, नियम छापून होत नाही. वर्षानुवर्षं एका जागी भेटलं तरच होतं. जागाच बंद केली की पाच-सात वर्षांत हे सगळं विसरलं जाईल आणि मग आपण कुठेतरी 'खाडी महोत्सव' भरवून तंबूत फोटो लावू.

पवईला अँगलिंगवाल्यांची जुनी संस्था आहे, तिचे सभासद असतात, नियम असतात. आपल्याकडे संस्था नाही, वर्गणी नाही, आणि असावी असंही माझं म्हणणं नाही. संस्था झाली की अध्यक्ष होईल आणि अध्यक्षाच्या दोन पार्ट्या होतील. आहे ती जेट्टी मोकळी राहिली तरी पुष्कळ.

मागणी साधी आहे. फाटक काढायचं नसेल तर न काढा, पण गाडी जाईल एवढं बंद ठेवा आणि माणूस जाईल एवढी बाजूची वाट दिवसरात्र उघडी ठेवा. प्यायला येणारे गाडी लावून शंभर पावलं चालत नाहीत, गरवणारा आणि मुळेवाली चालतात. जेट्टीच्या टोकाला कठडा, मगरींची सूचना देणारी नीट दिसेल अशी पाटी, एक चालू दिवा आणि एक कचऱ्याचा डबा. तंगूस आणि बाटल्या दर रविवारी आम्ही उचलू, हे लिहून द्यायला गुरुजी, वकीलसाहेब आणि मी तयार आहोत. आणि 'विनाकारण बसू नये' ही ओळ पुसा.

अर्ज वकीलसाहेबांनी लिहिलाय, एक पान आहे, भाषा सभ्य आहे. सोमवारी सकाळी अकराला तो देणार. त्याआधी शनिवार-रविवार दोन्ही दिवस पाचच्या आत, फाटक उघडं असताना, तो जेट्टीवर गुरुजींकडे मिळेल. सही करायला या. मुळे काढणाऱ्या ताई-मावश्यांना कोणी ओळखत असेल तर त्यांना आवर्जून सांगा, त्यांच्या सह्या सगळ्यात वर घ्यायच्या ठरल्यात. येताना कोळंबी आणलीत तर उत्तम, रविवारी भरती दुपारची आहे.