दुबईत कंपनी काढताय? आधी ग्राहकाचा पत्ता सांगा, मग परवान्याचे बोला

सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात मान वर केली की विमान दिसते. विमानतळाला खेटलेल्या या वस्तीत आखाताचे स्वप्न नवे नाही. बदलले आहे ते स्वप्नाचे रूप. पूर्वी नोकरीचा व्हिसा हवा असे, आता ‘स्वतःची कंपनी’ हवी असते. मोबाइल उघडला की जाहिरात हजर : १०० टक्के मालकी, शून्य कर, ऑफिसची गरज नाही, सोबत व्हिसा. आजच बुक करा!

जाहिरातीतला प्रत्येक शब्द खोटा नसतो. पण त्यात एक प्रश्न कधीच विचारलेला नसतो. तुमचा माल किंवा सेवा विकत घेणारा ग्राहक नेमका कुठे आहे? परदेशात व्यवसायाचा परवाना निवडताना सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो न विचारता घेतलेला स्वस्त परवाना बहुतेक वेळा महागात पडतो.

परवाना म्हणजे नेमके काय?

वाकोला मार्केटमध्ये दुकान टाकणाऱ्याला गुमास्ता ठाऊक असतो. खाण्याचे पदार्थ असतील तर एफएसएसएआय, उलाढाल वाढली की जीएसटी, हेही माहीत असते. यातला प्रत्येक कागद वेगळ्या गोष्टीची परवानगी देतो. गुमास्ता आहे म्हणून वडापाव विकता येत नाही.

दुबईतही तसेच आहे. तिथल्या परवान्यावर दोन गोष्टी ठरतात : कोणता व्यवसाय करायचा आणि कुठे करायचा. मालाच्या खरेदी-विक्रीसाठी व्यापारी, सल्ला-सेवा-कौशल्यासाठी व्यावसायिक आणि उत्पादनासाठी औद्योगिक असे मुख्य प्रकार आहेत. परवान्यावर ज्या व्यवसायांची नोंद आहे तेवढेच करता येतात. सल्लागाराच्या परवान्यावर मसाला विकता येत नाही.

मेनलँड, फ्री झोन, ऑफशोअर : फरक काय?

मेनलँडचा परवाना दुबईच्या अर्थ व पर्यटन विभागाकडून मिळतो. त्यावर थेट स्थानिक बाजारात विक्री करता येते. बहुतेक वेळा जागेचा नोंदणीकृत भाडेकरार लागतो, त्याला तिथे ‘इजारी’ म्हणतात.

फ्री झोन ही स्वतंत्र नियमांची क्षेत्रे आहेत. संयुक्त अरब अमिरातीत अशी ४०हून अधिक क्षेत्रे आहेत. परवाना त्या त्या झोनचे प्राधिकरण देते. झोनमध्ये आणि परदेशात व्यवहार करता येतो, पण त्याच परवान्यावर दुबईतल्या दुकानांना थेट माल देता येत नाही. त्यासाठी मेनलँडचा वितरक किंवा वेगळी परवानगी लागते.

ऑफशोअर कंपनी मुख्यतः मालमत्ता किंवा शेअर्स धारण करण्यासाठी असते. तिच्यावर अमिरातीत धंदा करता येत नाही आणि राहण्याचा व्हिसाही मिळत नाही.

मग सगळे फ्री झोनकडेच का वळतात?

याला इतिहास आहे. दुबईतला मराठी उद्योजक म्हटले की धनंजय दातार यांचे नाव निघते. १९८४ मध्ये ते वडिलांच्या छोट्या किराणा दुकानात मदतीला दुबईला गेले, पुढे ‘अल अदील’ ही मसाले आणि किराणा मालाची साखळी उभी राहिली. त्याच १९८४ साली अमिरातीत कंपनी कायदा आला आणि मेनलँडवरच्या कंपनीत किमान ५१ टक्के वाटा स्थानिक नागरिकाचा असावा, असे ठरले. १९८५ मध्ये जेबेल अली फ्री झोन सुरू झाला. तिथे परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळू लागली. पूर्ण मालकी हवी तर फ्री झोन, हे समीकरण तेव्हापासून डोक्यात बसले.

ते समीकरण आता जुने झाले आहे. १ जून २०२१ पासून मेनलँडवरही बहुतेक व्यवसायांत १०० टक्के परदेशी मालकी चालते. संरक्षण, बँकिंग, दूरसंचार अशी काही क्षेत्रे तेवढी अपवाद आहेत. म्हणजे ‘१०० टक्के मालकी’ ही आज फ्री झोनची खासियत राहिलेली नाही. जाहिरातीत मात्र ती अजूनही पहिल्या ओळीत असते.

चुकीचा परवाना घेतला तर?

समजा, वाकोल्यातले एक दांपत्य घरगुती मसाले आणि पापड करते. दुबईतल्या करामा आणि मीना बाजारातल्या भारतीय दुकानांत माल विकायचा त्यांचा बेत आहे. एजंटने स्वस्तातला फ्री झोन परवाना काढून दिला. परवाना आला, फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

अडचण पुढे आहे. करामातल्या दुकानदाराला त्यांना थेट माल देता येत नाही. माल झोनमधून बाहेर काढताना सीमाशुल्क आहे. खाद्यपदार्थाची दुबई महापालिकेकडे नोंद हवी, पाकिटावर अरबी लेबल हवे. बँक खाते उघडताना ग्राहक कोण, पैसा कुठून येणार, याची चौकशी होते. परवान्याचे नूतनीकरण दरवर्षी आहे, विक्री होवो न होवो. आणि कंपनी बंद करायची तर तीही रीतसर प्रक्रिया करूनच बंद करावी लागते, नुसते विसरून चालत नाही.

दुबईने यात थोडी वाट मोकळी केली आहे. तिथल्या कार्यकारी परिषदेच्या २०२५ च्या ठराव क्रमांक ११ नुसार फ्री झोनमधल्या कंपनीला परवानगी घेऊन मेनलँडवर काम करता येते. पण त्याचे वेगळे शुल्क आणि वेगळे हिशेब आहेत. स्वस्त परवान्यावर आणखी एक परवानगी चढवायची, तर तो स्वस्त कसा राहिला?

उलट उदाहरणही आहे. एखादा सॉफ्टवेअर करणारा तरुण दुबईत राहून युरोपातल्या कंपन्यांचे काम घेणार असेल, तर त्याला करामातल्या दुकानदाराशी देणेघेणे नाही. त्याच्यासाठी फ्री झोन योग्य ठरू शकतो. म्हणजे फ्री झोन वाईट आणि मेनलँड चांगला, असे नाही. ग्राहकाचा पत्ता बदलला की उत्तर बदलते.

‘शून्य कर’ खरेच शून्य आहे का?

अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. १ जून २०२३ नंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून कंपनी करही आहे. ३ लाख ७५ हजार दिऱ्हामपर्यंतच्या करपात्र नफ्यावर शून्य, त्यावर ९ टक्के. फ्री झोनमध्ये शून्य कराची सवलत मिळते, पण ठरावीक प्रकारच्या उत्पन्नावर आणि लेखापरीक्षित हिशेबांसह अटी पाळल्या तरच. कर लागो न लागो, नोंदणी करावीच लागते. उशीर झाला तर १० हजार दिऱ्हाम दंडाची तरतूद आहे.

भारतातला अर्धा भाग कोण सांगणार?

वाकोल्यात बसून दुबईत कंपनी काढणारा माणूस भारताचा रहिवासी असतो. त्यामुळे फेमा कायदा आणि २०२२ चे परदेशी गुंतवणूक नियम त्याला लागू होतात. जाहिरातीत याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा :

• एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात.

• कंपनीतल्या गुंतवणुकीचे पैसे अधिकृत बँकेतून, ‘फॉर्म एफसी’ भरून आणि रिझर्व्ह बँकेचा ओळख क्रमांक मिळाल्यावरच जायला हवेत. एजंटच्या खात्यात परस्पर रक्कम टाकणे हा मार्ग नव्हे.

• वर्षात १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. १५ लाख पाठवले तर १ लाख रुपये अडकतात. ते प्राप्तिकरात वळते होतात, पण तोवर हातात नसतात.

• कंपनीचा वार्षिक अहवाल दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत द्यावा लागतो.

• प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवावी लागते. ती लपवली तर काळ्या पैशाविरोधातल्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज : कंपनी दुबईत आहे म्हणून मालकाचा भारतातला कर संपत नाही. भारतात सामान्य रहिवासी असलेल्या माणसाचे जगभरातले उत्पन्न इथे करपात्र असते. त्याने त्या कंपनीतून घेतलेला लाभांश किंवा पगार इथे दाखवावाच लागतो.

परवाना न घेण्याचाही पर्याय आहे

मसाले-पापडवाल्या त्या दांपत्याला कदाचित दुबईत कंपनीच नको आहे. भारतातून निर्यात करायला आयात-निर्यात कोड लागतो. त्याचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. मसाल्यांसाठी स्पायसेस बोर्डाची नोंदणी लागते. भारत-अमिराती व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्यामुळे मूळ देशाचे प्रमाणपत्र जोडले तर करारात बसणाऱ्या मालावर सीमाशुल्काची सवलत मिळते. तिथला आयातदार माल उतरवून घेईल, दुकानांत पोहोचवेल. वर्षभर माल खपतो आहे असे दिसले, की मग परवान्याचा विचार. तोवर तिथली बाजारपेठ, दर आणि उधारीची पद्धतही कळलेली असेल.

पण हा सल्ला देण्यात एजंटचा फायदा नाही. त्याचे कमिशन परवाना विकण्यात आहे. म्हणूनच ही माहिती दुसऱ्या कुणीतरी द्यायला हवी. निर्यातीचे मेळावे भरवणाऱ्या राज्याच्या उद्योग विभागाने आणि परदेशी पैसे पाठवणाऱ्या बँकांनी मराठीत एक पानी तपशील दिला तरी पुरे : कोणता परवाना कुठे चालतो, दरवर्षीचा खर्च किती, भारतात काय भरायचे आणि कंपनी बंद कशी करायची.

तोपर्यंत पैसे भरण्याआधी एजंटला तीन प्रश्न लेखी विचारावेत. या परवान्यावर माझ्या ग्राहकाला मी थेट बिल देऊ शकतो का? दुसऱ्या वर्षी एकूण किती खर्च येईल? आणि भारतातल्या बँकेत कोणते कागद द्यायचे? उत्तर लेखी येत नसेल, तर ‘आजच बुक करा’ला आज तरी नाही म्हणावे.