खिशातले प्राणी : छंद, नाद की व्यसन?

‘डॉक्टर, पोराचा मोबाईल सुटेल असे एखादे टॉनिक लिहून द्या’, अशी मागणी करणारे दोन-चार पालक हल्ली दर आठवड्याला भेटतात. असे टॉनिक कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. दुसरे असे की, ‘मोबाईल’ आणि ‘गेम’ या दोन शब्दांच्या पोत्यात आपण दहा निरनिराळ्या गोष्टी भरतो आणि त्या पोत्यालाच काठीने बडवत बसतो. रुग्णाला ताप आहे एवढ्यावर डॉक्टर औषध देत नाही; ताप हिवतापाचा की विषमज्वराचा, हे आधी पाहावे लागते. मुलांच्या खेळांचेही तसेच आहे. म्हणून आज त्यातल्या एकाच प्रकाराविषयी लिहितो. हातात मावणाऱ्या यंत्रावर चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, वाढवायचे आणि जमवायचे, असा हा खेळ आहे.

या खेळांतला सर्वांत गाजलेला म्हणजे ‘पोकेमॉन’. ‘पॉकेट मॉन्स्टर’, म्हणजे खिशातले प्राणी, या शब्दांचे ते लघुरूप आहे. आज पंचविशी-तिशीत असलेल्या वाचकांना त्याचे कार्टून आणि वेफर्सच्या पाकिटातून निघणाऱ्या गोल चकत्या आठवत असतील. मूळ खेळ जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये निन्टेंडो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातातल्या यंत्रावर आला. खेळणारा मुलगा घरातून निघतो, गावोगाव हिंडतो. वाटेतल्या उंच गवतातून एखादा प्राणी अचानक समोर येतो. त्याला पकडायचे, इतर प्राण्यांशी झुंजवून ताकदवान करायचे आणि वहीत नोंद करायची. सुरुवातीला असे १५१ प्राणी होते, आज ती संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. झुंजीत प्राणी मरत नाही, मूर्च्छित होतो. मग त्याला दवाखान्यात न्यायचे. तिथे पाच सेकंदांत तो बरा होतो आणि फीही घेत नाहीत! आम्हा डॉक्टरांना हेवा वाटावा अशी ही व्यवस्था आहे.

पासलीच्या ओसरीवर

वेल्ह्याहून केळदकडे जाताना पासली लागते. तिथे मी आठवड्यातून एकदा रुग्ण पाहायला जातो. या भागातली बरीच घरे पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेली आहेत. मे महिन्यात नातवंडे गावी येतात. अशाच एका घरी आजींचा रक्तदाब तपासत असताना त्यांनी तक्रार केली, ‘नातू आलाय, पर आल्यागत वाटंना डॉक्टर. समदा दिस त्या डबीत डोकं.’ धायरीहून आलेला तो बारा वर्षांचा मुलगा ओसरीवर बसला होता. हातात गेमचे यंत्र आणि भोवती गावातली चार पोरे.

मी त्याला म्हटले, ‘मला शिकव बघू.’ मुलगा खुलला. आगीचा प्राणी गवताच्या प्राण्याला भारी, पाण्याचा आगीला भारी आणि गवताचा पाण्याला भारी, इथून त्याने सुरुवात केली. पुढची पंधरा मिनिटे त्याने कोण कोणाला भारी, कोणाचे रूपांतर कशात होते, कोण कुठे सापडतो, हे न अडखळता सांगितले. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला जंतूंची आणि औषधांची नावे पाठ करताना आमची जी दमछाक झाली होती ती मला आठवली. याच मुलाला अभ्यासात लक्ष नाही, अशी त्याच्या वडिलांची तक्रार होती!

तेवढ्यात पासलीच्याच एका पोराने खिशातून काडेपेटी काढली. आत हिरवागार चकाकणारा सोनकिडा आणि त्याच्या खाण्यासाठी कोवळा पाला. यंत्र बाजूला राहिले आणि पाचही डोकी काडेपेटीवर वाकली. कोणत्या झाडावर सापडतो, काय खातो, अंडी कधी घालतो, याची चौकशी सुरू झाली. ‘दोन दिस ठिव तुझ्याकडं, मला तुझी डबी दे’, असा सौदाही ठरला. आजींना वाटत होते की नातू वेगळ्याच कुठल्या दुनियेत गेला आहे. मला मात्र दोन्ही पोरे एकच खेळ खेळताना दिसली.

किडे गोळा करणारा मुलगा

हे काव्य नाही, इतिहास आहे. पोकेमॉनचा जनक सातोशी ताजिरी हा टोकियोजवळच्या माचिदा गावात वाढला. लहानपणी त्याला किडे पकडण्याचा इतका नाद होता की सवंगडी त्याला ‘किडे-डॉक्टर’ म्हणत. दिवसा भुंगे दगडाखाली झोपतात हे ध्यानात आल्यावर तो झाडाखाली दगड ठेवून यायचा आणि नंतर ते उचलून पाहायचा. पुढे गावाचे शहर झाले. शेते आणि तळी बुजवून तिथे घरे आणि रस्ते झाले, किडे दिसेनासे झाले. मोठेपणी दोन गेम बॉय यंत्रे तारेने जोडता येतात हे त्याने पाहिले, तेव्हा त्या तारेवरून एक किडा इकडून तिकडे चालत जातो आहे असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आले. त्यातून हा खेळ जन्मला. खेळाच्या दोन आवृत्त्या काढल्या आणि प्रत्येकीत काही प्राणी मुद्दाम ठेवले नाहीत. सगळे जमवायचे तर मित्राशी अदलाबदल केल्यावाचून गत्यंतर नव्हते.

आता या खेळाचा ओढा मुलांना का वाटतो, हे सांगणे सोपे आहे. सात ते तेरा या वयात जमवणे, नावे ठेवणे, वर्गवारी लावणे आणि मित्राला दाखवणे ही मुलांची भूकच असते. आपण कोणी काचेच्या गोट्या जमवल्या, कोणी काडेपेटीचे छाप, कोणी पोस्टाची तिकिटे. दुसरे कारण म्हणजे पालनपोषण. ज्या वयात घरातले सगळे आपल्याला हुकूम सोडतात, त्या वयात आपल्यावर अवलंबून असणारा एक जीव हाताशी असतो आणि तो आपल्या मेहनतीने वाढताना दिसतो. शाळेत वर्षभर घासूनही दोन टक्के वाढतील की नाही याची खात्री नसते. इथे दहा मिनिटांच्या खटपटीचे फळ लगेच दिसते.

तिसरे कारण डॉक्टर म्हणून अधिक महत्त्वाचे. गवतातून पुढे काय निघेल हे कधीच ठाऊक नसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर कळ दाबणे लवकर सोडत नाही. गळ टाकून बसलेला माणूस ‘आता एकदाच’ म्हणत अंधार पडेपर्यंत का उठत नाही, त्याचे उत्तर हेच. सोनकिडा शोधणारे पोरही असेच झाडामागून झाड पाहते. फरक इतकाच की, रानात संध्याकाळ होते, पाय दुखतात, भूक लागते, आई हाक मारते. यंत्रात संध्याकाळ झाली तरी खेळ थांबत नाही. निसर्गाने खेळाला दिलेला लगाम तिथे नाही. तो घरच्यांनी घालावा लागतो.

शब्द तीन, अवस्था तीन

आपल्या भाषेत छंद, नाद आणि व्यसन असे तीन शब्द आहेत आणि ते नेमके आहेत. छंद माणसाला मोठा करतो, नाद कामाचा खोळंबा करतो आणि व्यसन माणूसच खाऊन टाकते. धायरीच्या मुलाचा माझ्या मते छंद होता, नादाच्या उंबरठ्यावर आलेला.

दुसऱ्या एका मुलाची गोष्ट वेगळी होती. नववीतला हा मुलगा मोबाईलवरचा असाच जमवाजमवीचा एक खेळ खेळे. खेळ फुकट, पण दुर्मीळ प्राणी हवा तर पैसे भरून पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशीब. वडिलांच्या खात्यातले दुधाचे काही हजार रुपये असे गेले. रात्री दोनपर्यंत जागरण, सकाळी शाळेला दांडी, विचारले की आदळआपट. वडिलांनी त्याला बडवले आणि मोबाईल दगडावर आपटला. मुलाने दोन दिवस अन्न घेतले नाही, तेव्हा त्याला माझ्याकडे आणले.

नशिबाची पेटी विकणारा खेळ आणि ताजिरीचा खेळ यांत वरवर साम्य असले, तरी पहिला लॉटरीच्या दुकानाचा भाऊ आहे. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये अशा पैशाच्या पेट्या जुगारात धरल्या, त्या उगीच नव्हेत. माझे स्पष्ट मत असे की, एकदा विकत घेऊन संपवता येणारा खेळ मुलाला मर्यादेत द्यावा. पावलोपावली पैसे मागणारा खेळ मात्र लहान मुलाच्या हाती देऊच नये.

व्यसन केव्हा म्हणावे याचेही निकष आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात खेळाच्या विकाराचा समावेश आहे. खेळावरचा ताबा सुटणे, जेवण-अभ्यास-मित्र या सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहणे, ही तिन्ही लक्षणे साधारण वर्षभर आणि जगणे बिघडवण्याइतकी दिसली, तरच तो विकार. सुटीत चार दिवस यंत्राला चिकटलेल्या मुलाला ‘वेडा झाला’ म्हणू नये. आणि ज्याला खरेच विकार आहे त्याला मारून तो बरा होत नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. त्यात कसलीही लाज नाही.

पालकांनी काय करावे?

१) हिसकावून घेण्याआधी पंधरा मिनिटे शेजारी बसा आणि त्यालाच शिकवायला सांगा. ज्याला खेळ कळला त्याचेच ‘आता पुरे’ मूल ऐकते.

२) वेळ आधी ठरवा. मध्येच यंत्र ओढू नका. खेळ जिथवर आला तिथे जतन करून थांबता येते, त्यासाठी पाच मिनिटे आधी सूचना द्या. झोपेच्या तासभर आधी यंत्र बंद आणि रात्री ते आईवडिलांच्या खोलीत.

३) डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. अंथरुणात, अंधारात खेळू नये. रोज दोन तास उघड्यावर उजेडात खेळणाऱ्या मुलांत जवळच्या नजरेचा, म्हणजे मायनस नंबरचा, चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते.

४) फिट येणाऱ्या मुलाच्या पालकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे खेळ देऊ नयेत. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन कार्टूनच्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाची वेगाने उघडझाप झाली आणि सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. बहुतेक जण लवकर सावरले, पण काही मुलांना झगमगाट सोसत नाही हे जगाला कळले.

५) पैसे पाठवण्याचा पिन मुलाला सांगू नये. एटीएमचा नंबर आपण शेजाऱ्याला सांगत नाही, तसेच हे.

६) भूक मारू नका, तिला दुसरे अन्नही द्या. २००२ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांना चित्रे दाखवली. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉनपैकी जवळपास ८० टक्के ओळखले. आपल्याच देशातले प्राणी-पक्षी-झाडे मात्र निम्मीच. मुलांची स्मरणशक्ती उत्तम आहे, तिच्यापुढे आपण काय ठेवतो हा प्रश्न आहे.

या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. माचिदातली शेते गेली. आपल्याकडे मृगाच्या सरीनंतर मखमली लाल किडा अजून निघतो, पावसाच्या तोंडावर झाडे काजव्यांनी लखलखतात, ओढ्याला खेकडे असतात, बांधावर चतुर भिरभिरतो. चाळीस पानी वही घ्या आणि सुटीत आलेल्या नातवाला म्हणा, ‘यात तुझे १५१ लिही बघू.’ नाव, कुठे दिसला, काय खातो, आणि एक चित्र. पकडलेला जीव मात्र संध्याकाळी सोडून द्यायचा.

एक इशारा देणे माझे काम आहे. त्या खेळातही सुरुवातीलाच एक वडीलधारा पोराला बजावतो की, उंच गवतात एकटा जाऊ नकोस. आपल्या गवतात तर खरेखुरे फुरसे आणि घोणस आहेत. पायात बूट, हातात काठी, अंधारात बॅटरी, आणि बिळात किंवा दगडाखाली हात घालायचा नाही. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, मांत्रिक यांत वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठावा.

आजी-आजोबांनाही एक विनंती आहे. ‘त्या डबीत काय ठेवलंय’ असे म्हणून मोकळे होऊ नका. कोणत्या करवंदीची जाळी गोड, चढणीचे मासे कोणत्या वळणावर मिळतात, हे तुमच्या डोक्यात आहे आणि नातवाच्या कुठल्याही यंत्रात नाही. तो जमवायला बसलाच आहे. तुमच्याकडचे त्याला देऊन टाका.

(पुढील आठवड्यात : पावसाळ्यातील पाणी आणि पोटाचे विकार)