फुटलेल्या काचेचे देणेकरी कोण?

नांदेडपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण या तीन राज्यांच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथे देगलूर वसले आहे. या तालुक्याच्या गावाला आजही रेल्वे नाही. नांदेडहून देगलूरमार्गे बिदरला जाणाऱ्या लोहमार्गाची मागणी जुनी असली, तरी येथील माणसाचे दळणवळण आजही रस्त्यावरच अवलंबून आहे. दवाखान्यासाठी हैदराबाद वा नांदेड, बाजारासाठी उदगीर किंवा बिदर आणि लग्नकार्यासाठी तिन्ही राज्यांतील सोयरीक, असा हा परिसर आहे. अशा गावात डिकी बाहेर आलेली चार दारांची सेडान मोटार ही केवळ प्रतिष्ठेची वस्तू उरत नाही. ती कुणाचे भाड्याचे उत्पन्न असते, तर कुणाची रुग्णवाहिका. म्हणूनच रस्त्यावर एखाद्या दिवशी क्षोभ उसळतो, दगड भिरकावले जातात आणि अशा एखाद्या मोटारीची मागची काच खळ्ळकन खाली येते, तेव्हा घडलेली घटना वरवर दिसते तितकी क्षुल्लक नसते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ‘काही वाहनांच्या काचा फुटल्या’ एवढीच तिची नोंद होते. त्या काचांचे पैसे अखेर कोणी भरले, हे मात्र कोणत्याही बातमीत येत नाही.

मोटारीच्या काचा वरून सारख्या दिसल्या, तरी त्यांच्या जाती वेगळ्या असतात. समोरची काच दोन पातळ काचांच्या मध्ये चिवट पापुद्रा बसवून बनवलेली असते. तिला तडा गेला तरी ती जागची हलत नाही आणि छोटा टवका उडाला तर तो विशिष्ट रसायनाने भरून काढता येतो. मागची काच बहुधा कठीण केलेली असते. सहाशे अंशांहून अधिक तापमानाला तापवून तिच्यावर थंड हवेचा जोरदार झोत सोडतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. साध्या काचेच्या चार-पाच पट मजबुती तिला लाभते ती यातूनच. परंतु हा समतोल एका ठिकाणी बिघडला की संपूर्ण काचेचा क्षणार्धात चुरा होतो. त्या चुऱ्याच्या कडा बोथट असल्याने प्रवासी गंभीर जखमांपासून वाचतात. मात्र काच सांधता येत नाही. एकदा कठीण केलेली काच कापता वा भोक पाडून बसवताही येत नाही. त्या विशिष्ट मोटारीसाठी, त्याच वळणाची तयार काच मागवणे हाच एक मार्ग उरतो.

सेडानच्या बाबतीत हे काम आणखी किचकट होते. हॅचबॅक मोटारीची मागची काच मागच्या दारात बसलेली असते. सेडानची काच थेट मोटारीच्या सांगाड्याला चिकटवलेली असते. जुन्या मोटारींत ती रबराच्या पट्टीत बसे आणि अनुभवी कारागीर ती तासाभरात चढवत असे. नव्या मोटारींत जुने डिंकद्रव्य कापून काढावे लागते, रंगाला ओरखडा गेला असल्यास तो गंजू नये म्हणून झाकावा लागतो, त्यावर अस्तर आणि नवे द्रव्य लावून काच बसवावी लागते आणि ते द्रव्य घट्ट होईपर्यंत मोटार हलवायची नसते. काचेवरील बाष्प घालवणाऱ्या तापतारा, काही मोटारींत तिच्यातच असलेली रेडिओची अँटेना, यांची जोडणीही नेमकी व्हावी लागते. मागच्या आसनाच्या फटींत आणि सुरक्षापट्ट्यांच्या खाचांत शिरलेला काचेचा चुरा नीट उपसला नाही, तर तो पुढे कित्येक महिने प्रवाशांना बोचत राहतो.

महाराष्ट्रात मोटारींच्या काचा पुण्याजवळच्या चाकण-भोसरी पट्ट्यात तयार होतात. तिथून त्या मोठ्या शहरांतील वितरकांकडे आणि तिथून मागणीप्रमाणे पुढे जातात. तालुक्याच्या गावातील दुकानदाराने प्रत्येक मोटारीची, प्रत्येक वर्षाच्या घडणीची मागची काच साठवून ठेवणे परवडणारे नसते. काच मोठी, वळणदार आणि वाटेत फुटण्याजोगी. शिवाय तिला गिऱ्हाईक कधी मिळेल याचा नेम नाही. साहजिकच काच येईपर्यंत मागे प्लास्टिकचा कागद चिकटवून मोटार चालवायची किंवा ती उभी ठेवायची, एवढेच मालकाच्या हाती असते. भाड्याने मोटार चालवणाऱ्याच्या दृष्टीने उभ्या मोटारीचा प्रत्येक दिवस बुडालेल्या रोजगाराचा असतो. याच घाईतून भंगारातल्या मोटारीची उतरवलेली काच, कोपऱ्यावर प्रमाणचिन्ह नसलेली स्वस्त काच किंवा साध्या चिकटद्रव्यावर भागवलेले काम पत्करले जाते. वाहनांच्या सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस २५५३ हे मानक आहे आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. काच घेताना कोपऱ्यावरचे चिन्ह पाहणे हा त्यामुळे चोखंदळपणा नसून सुरक्षेचा भाग आहे. परंतु ज्याचे पोट मोटारीवर आहे, त्याला हा सल्ला देणे सोपे आणि त्याने तो पाळणे अवघड, हेही तितकेच खरे.

‘विमा असतो की!’ हे यावरचे ठरलेले उत्तर. ते अर्धेच खरे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे तो त्रयस्थाचा विमा. आपल्या मोटारीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल, तेवढेच तो भरून देतो. स्वतःच्या काचेसाठी त्यातून एक पैसाही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घ्यावा लागतो. मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र ऐच्छिकच राहिले. पैशांची ओढाताण असली की कात्री लागते ती याच ऐच्छिक भागाला.

सर्वसमावेशक विमा असलेल्याची गत थोडी बरी असते. दंगल, संप, द्वेषबुद्धीने केलेले नुकसान आणि गारपीट या सर्वांचा त्यात समावेश असतो. रबर वा प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर मात्र घसारा नाही. कागदावर हे चित्र उत्तम दिसते. अडचण येते ती दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीपाशी. ही सवलत पहिल्या वर्षी २० टक्के असते आणि २५, ३५, ४५ अशी चढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोहोचते. एक दावा केला की ती शून्यावर येते. समजा, एखाद्या मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ६ हजार रुपये आहे आणि मालकाने ५० टक्के सवलत मिळवली आहे. काचेसाठी दावा केल्यास पुढील पाच वर्षांत त्याची अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सवलत बुडते. ही बेरीज १२५ टक्के, म्हणजे हप्ता तेवढाच राहिल्यास साडेसात हजार रुपये होते. त्यात लहान मोटारीसाठी दाव्यातून सक्तीने वजा होणारे हजार रुपये मिळवले, तर काच आणि मजुरी मिळून साडेआठ हजारांच्या आत असताना दावा करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. सवलत राखणारी पुरवणी पॉलिसी मिळते, पण तिचा वेगळा हप्ता मोजावा लागतो. सारांश, वर्षानुवर्षे सांभाळून मोटार चालवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या दगडाची किंमत स्वतःच्या सचोटीच्या सवलतीतून चुकवावी लागते.

मग उरतो तो कायदा. पोलिसांत फिर्याद द्यावी, तर ती बहुतेकदा अज्ञात जमावाविरुद्ध नोंदवली जाते. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीसाठी १९८४ चा केंद्रीय कायदा आहे. एसटीच्या बसची काच फुटली तर तो लागू होतो, तिच्या मागे उभ्या असलेल्या खासगी मोटारीची फुटली तर नाही. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाच्या ध्यानात आली नव्हती असे नव्हे. न्यायमूर्ती के. टी. थॉमस आणि विधिज्ञ फली नरिमन यांच्या समित्यांच्या अहवालांवर आधारित मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये घालून दिली. खासगी मालमत्तेचीही हानी मोजण्यासाठी दावा आयुक्त नेमावा आणि आंदोलनाशी संबंध सिद्ध झाल्यावर आयोजकांवरही भरपाईचे दायित्व टाकावे, असे त्यांत आहे. केरळने २०१९ मध्ये खास खासगी मालमत्तेसाठी कायदा केला. उत्तर प्रदेशाने २०२० मध्ये, तर हरियाणा व मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये वसुलीचे कायदे केले.

महाराष्ट्राला या विचाराचे वावडे नव्हते. राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्यातील कलम ५१ बेकायदा जमावाने केलेल्या हानीची भरपाई त्या भागातील रहिवाशांकडून वसूल करण्याची मुभा देते. दोषी सापडत नाही म्हणून साऱ्या वस्तीलाच जबाबदार धरणारी ही तरतूद न्यायाच्या आजच्या कल्पनेशी विसंगत आहे. याहून नेमका मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये दाखवला होता. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल माजी मंत्रिमंडळ सचिव बी. जी. देशमुख आदींनी केलेल्या याचिकेवर न्यायालयाने शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. बंद पुकारणाऱ्याने त्याची किंमतही मोजावी, हे तत्त्व तेव्हाच प्रस्थापित झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत मात्र ते अपवादानेच आठवले गेले. जानेवारी २०१८ मधील महाराष्ट्र बंद, त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमधील मराठा आरक्षण आंदोलन आणि ऑक्टोबर २०२३ मधील बीड जिल्ह्यातील जाळपोळ, अशा प्रत्येक प्रसंगी मागण्यांची चर्चा झाली, राजकीय हिशेब मांडले गेले. वाटेत सापडलेल्या त्रयस्थाची वाहने त्या हिशेबात कुठेच नव्हती.

देगलूरसारख्या सीमेवरच्या गावाला यात आणखी एक काच आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या मालमोटारींवर दगडफेक झाली. प्रत्युत्तरादाखल पुण्यात कर्नाटकच्या बसना काळे फासले गेले. त्या चालकांपैकी कोणी सीमाप्रश्नाचा निकाल दिला नव्हता. त्यांचा अपराध होता तो पाटीवरच्या दोन अक्षरांचा. एमएच २६ ही नांदेडची पाटी घेऊन बिदरला जाणारा आणि केए ३८ ही बिदरची पाटी घेऊन देगलूरला येणारा, हे दोघे बहुधा एकमेकांचे सोयरे किंवा गिऱ्हाईक असतात. सीमाभागातील माणसाला राज्यांची भांडणे नकाशावर दिसत नाहीत, ती मोटारीच्या काचेवर दिसतात.

या प्रश्नाचे उत्तर सुडाच्या भाषेत शोधणेही घातक आहे. मार्च २०२५ मधील नागपूरच्या हिंसाचारानंतर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नुकसानीची वसुली दंगलखोरांकडून करण्याची घोषणा केली. तत्त्व म्हणून तिला हरकत घेण्याचे कारण नव्हते. परंतु लगेचच एका आरोपीच्या घरावर महापालिकेने यंत्र चालवले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला अशा कारवाईला स्थगिती द्यावी लागली. उत्तर प्रदेश सरकारलाही २०१९ च्या आंदोलकांना दिलेल्या वसुलीच्या नोटिसा सर्वोच्च न्यायालयाने फटकारल्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये मागे घ्याव्या लागल्या. आरोप म्हणजे दोष नव्हे आणि शिक्षा म्हणजे भरपाई नव्हे. एखाद्याचे घर पाडल्याने दुसऱ्याची काच बसत नाही.

हवी आहे ती साधी, रुक्ष आणि वेळेत चालणारी व्यवस्था. गारपिटीने पीक झोडपले की तलाठ्याने बांधावर जाऊन पंचनामा करण्याची रीत मराठवाड्याला ठाऊक आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीत ती साऱ्यांनी अनुभवली. सामूहिक हिंसेत फुटलेल्या वाहनांचाही असाच पंचनामा तहसील पातळीवर ठराविक मुदतीत होणे अशक्य नाही. भरपाई आधी शासनाने द्यावी आणि नंतर न्यायालयीन प्रक्रियेने दोषींकडून व आयोजकांकडून वसूल करावी. गुन्हेगार सापडेपर्यंत पीडिताने थांबायचे ही उलटी रीत त्यातून संपेल. दंगलीतील नुकसानीचा दावा वाहनमालकाच्या हयगयीचा निदर्शक नसतो, म्हणून अशा दाव्यावर विम्याची सवलत बुडू नये, एवढी दुरुस्ती विमा नियामकाला सहज करता येण्याजोगी आहे. आणि आंदोलनाला परवानगी मागणाऱ्या नेत्यांनी मागण्यांच्या निवेदनाबरोबर नुकसानीच्या जबाबदारीवरही सही करावी, ही अपेक्षा लोकशाहीविरोधी म्हणता येणार नाही. ज्या आंदोलनात एकही काच फुटत नाही, त्याची मागणी त्यामुळे दुबळी होत नाही. उलट तिला रस्त्यावरच्या त्रयस्थाचीही सहानुभूती लाभते.

सेडानची मागची काच चालकाला मागून येणारे दाखवण्यासाठी असते. ती फुटल्यावर देगलूरचा मोटारमालक पदरमोड करून नवी बसवतो, सांडलेला चुरा झाडतो आणि हैदराबादच्या रस्त्याला लागतो. चुकते करायचे राहिलेले देणे मात्र त्याचे नसते. ते दगड उचलणाऱ्याचे, उचलायला लावणाऱ्याचे आणि दोघांकडे पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्या शासनाचे असते.