मोहाचे फूल आणि नवसागराची वही

काठीच्या राजवाडी होळीला गेलेल्या वाचकांनी मोहाच्या मद्याचे थेंब भुईवर पडताना पाहिले असतील. घोट घेण्यापूर्वी देवाला व पूर्वजांना थेंब वाहण्याची भिल्ल समाजाची ही जुनी रीत. पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचावयाची, वाळवून काही दिवस पाण्यात आंबवावयाची, मग मडक्यात उकळून वाफ गार पाण्याने निववावयाची. एवढीच सातपुड्याची भट्टी. वाळल्या फुलाचे जवळजवळ निम्मे वजन साखरेचे असते. म्हणूनच टंचाईत हेच फूल पोटालाही आधार देत आले.

ही घरची भट्टी गुन्हा ठरली ती १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. गाळण्याचा व विकण्याचा हक्क परवानेदार मक्तेदाराकडे गेला. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फूल बाळगण्यावरही बंधन आले. सरकारला महसूल हवा होता. जे अंगणात होत होते ते दुकानातून, बहुधा उधारीवर, घ्यावे लागले. आणि उधारीचा शेवट कित्येकदा जमिनीवर झाला.

याला आदिवासींनीच उत्तर दिले. १९२२ मध्ये दक्षिण गुजरात, डांग व खानदेशाच्या सीमाभागात देवीची चळवळ पसरली. दारू व मांस सोडा, हा तिचा आदेश होता. १९३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांमागे हजारो लोक त्याच वाटेने गेले. हे व्रत त्यांना आपल्यापैकी कोणी शिकविले नव्हते.

आपल्या शास्त्रात श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य येते. मद्याचा व्यापार त्यातलाच. आमच्या घराण्याने तो कधी केला नाही, असे मी लहानपणी अभिमानाने सांगत असे. पुढे आजोबांच्या वह्या चाळल्या. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आलेला; भट्ट्या रानात दडलेल्या, आणि मोहाच्या जोडीला काळा गूळ व नवसागर आलेला. नवसागर कल्हईला लागतो, हे खरे. पण आमच्या बाजारात कल्हईवाला एकच होता आणि वहीत नवसागर पोत्यांनी चढलेला होता. आजोबांना ठाऊक नसेल, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. (काकांना हे लिखाण रुचणार नाही.)

आता काळ पालटला आहे. मध्य प्रदेशाने शेजारच्या अलीराजपूर जिल्ह्यात आदिवासी बचत गटामार्फत मोहाचे मद्य बाटलीत भरावयास आरंभ केला. आपल्या राज्याने २०२१ मध्ये फुलांवरील निर्बंध सैल केले. त्यामुळे एका तरुण व्यापारी वाचकाने विचारले आहे, ‘मोहफूल खरेदी करावे काय?’ फुलाचे लाडू होतात, ते गुरांनाही घालतात. खरेदीत दोष आहे असे मला वाटत नाही. मात्र माल पुढे कोणाकडे जातो हे विचारून घ्यावे, वेचणाऱ्या बाईला काट्यावर पुरते वजन द्यावे, आणि पैसे त्याच दिवशी रोख द्यावेत.