शिळाछापांतील भोई

छायाचित्राची कला या देशांत रुजण्यापूर्वीं लोक कसे राहत, काय नेसत, गांवोगांव कसे जात, हें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर जुन्या शिळाछाप चित्रांकडे वळावें लागतें. बव्हेरियांतील आलोइस झेनेफेल्डर यानें १७९६ च्या सुमारास ही युक्ति शोधली. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट कांडीनें चित्र काढावयाचें, शिळा ओली करावयाची आणि तेलकट शाईचा रूळ फिरवावयाचा. तेलास पाण्याचें वावडें. सबब शाई रेषांनाच धरते. तांब्याचा पत्रा कोरणारा कारागीर येथें लागत नाहीं.

त्यामुळें हौशी हातांसही छापण्याचें द्वार उघडलें. पाटण्यास कंपनीचा अफू-एजंट सर चार्ल्स डॉयली यानें १८२८ च्या सुमारास हौशी शिळाछापखाना चालविला. जयराम दास हा देशी चितारी त्यास साह्य करी. १८२६ मध्यें जोसे गोन्साल्विस यानें मुंबईचीं दृश्यें शिळेवर छापलीं. बेल्नोसबाईंच्या १८३२ च्या चोवीस चित्रांत बंगाल्यांतील झोंपडीचा अंतर्भागही दिसतो. विल्यम टेलरच्या १८४२ च्या संग्रहांत तरुण अंमलदार सकाळीं पोशाख करीत आहे आणि भोंवतीं नोकरांचा गराडा आहे.

अशीं चित्रें पाहतांना बसलेला कोण आणि वाहणारा कोण, इकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. पालखींतील साहेबाचें नांव बहुधा कोठें तरी सांपडतें. दांडी खांद्यावर घेणाऱ्या भोयाचें सांपडत नाहीं. चितारी परका, त्याची दृष्टि सत्ताधाऱ्याची, हें खरेंच. तथापि भोयाची चाल त्यानेंच टिपली. आमच्या बखरकारांनीं लढाया व तह लिहिले. रोजची वाट त्यांस लिहिण्याजोगी वाटली नाहीं. जें नित्य डोळ्यांसमोर असतें, तें नोंदावयाचें राहून जातें. पुढें १८५३ मध्यें मुंबईहून ठाण्यास आगगाडी धांवली आणि लांबच्या वाटेचा भोई हळूहळू मागें पडला.

आमच्या मतें यांतून प्रत्येक कुटुंबानें एक धडा घ्यावा. घरांतील वडीलधाऱ्यांस विचारावें, लग्नाचें वऱ्हाड बैलगाडीनें कसें गेलें, मुक्काम कोठें पडला, शिदोरी काय होती. तें वहींत उतरून ठेवावें; आणि आठवत असेल तर गाडीवानाचें नांवही लिहावें.