पडदा काळा झाला, तरी प्लग ओढू नका

कासारसाईत सकाळी एका बाजूला संत तुकाराम कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या जातात. दुसऱ्या बाजूला पोरंपोरी पाठीला लॅपटॉपची बॅग लावून हिंजवडीला निघतात. त्यातलंच कुणीतरी एखाद्या कंपनीतून निघालेला जुना सर्व्हर घरी घेऊन येतं. स्वस्तात मिळाला, शिकायला होईल म्हणून. नाहीतर डेअरीच्या किंवा पतसंस्थेच्या हिशेबाला लावू म्हणून.

मग रविवारी त्यावर व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर टाकायला बसतात. पर्यायांची यादी दिसते, एंटर दाबलं जातं, आणि पडदा काळा. पंखे घोंघावतायत, दिवे लागलेत, पण समोर काही नाही.

हे आवाहन त्या पोरांसाठी आहे. घरातल्या मोठ्यांसाठीही आहे, कारण अशा वेळी होणारा खर्च बहुतेकदा त्यांच्याच खिशातून जातो.

हे सॉफ्टवेअर करतं काय, ते आधी थोडक्यात. जुन्या वाड्यात जशी एका छपराखाली चार बिऱ्हाडं नांदायची, तशी एकाच यंत्रात चार वेगवेगळी यंत्रं नांदवायची सोय ते करतं. एकात हिशेब, एकात कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, एकात पोरांचा अभ्यास. प्रॉक्समॉक्स आणि व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय ही त्यातली दोन नावं तुमच्या कानावर येतील.

आता कामाचं बोलू. पडदा काळा झाला म्हणजे यंत्र मेलं, असं समजू नका. बहुतेक वेळा यंत्र चालू असतं. फक्त चित्र तुमच्यापर्यंत पोचत नसतं.

म्हणून प्लग ओढू नका. आणि काळ्या पडद्यावर आंधळेपणानं एंटर दाबत बसू नका. हे मी दोनदा सांगेन. प्रॉक्समॉक्स ज्या डिस्कवर बसतं ती डिस्क पूर्ण पुसून घेतं. पुढं काय विचारलंय ते दिसत नसताना होकार देणं म्हणजे लग्नाचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, डेअरीचा तीन वर्षांचा हिशेब पणाला लावणं.

खरं तर ही काळजी सुरुवातीलाच घ्या. जपायचं असेल ते आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. मग यंत्र बंद करा. सर्व्हरच्या पुढच्या बाजूला डिस्कचे ट्रे असतात. खिटी दाबून ट्रे बोटभर बाहेर ओढला की डिस्क सुटते. जुना डेटा असलेल्या सगळ्या डिस्क अशा सोडवून ठेवा. कोणता ट्रे कोणत्या खणातला, त्याची चिठ्ठी चिकटवा. परत बसवताना क्रम बदलला तर वेगळाच घोळ होऊ शकतो.

एवढं झालं की स्वतःला एक प्रश्न विचारा. चित्र सुरुवातीपासूनच आलं नाही, की येऊन मग गेलं? सगळं निदान या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

सुरुवातीपासूनच काही दिसत नसेल, तर आधी थांबा. सर्व्हर घरच्या कॉम्प्युटरसारखा झटपट उठत नाही. मेमरी तपासायला, डिस्क मोजायला त्याला काही मिनिटं लागतात. चहा ठेवा, उकळू द्या, मग बघा.

तरी नाहीच, तर केबल बघा. सर्व्हरच्या मागं बहुधा निळ्या रंगाचं पंधरा पिनांचं व्हीजीए असतं. घरचा टीव्ही मात्र एचडीएमआयचा. दोन्ही टोकं बसतात म्हणून कुणीतरी साधी, शंभर-दोनशेची केबल आणून देतं. ती चालत नाही. व्हीजीएचा सिग्नल वेगळ्या जातीचा असतो, तो बदलून देणारा कन्व्हर्टर लागतो. त्यापेक्षा शेजाऱ्याचा किंवा शाळेतला जुना व्हीजीए मॉनिटर तासभर मागून आणा. फुकटात काम होतं.

यंत्रात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर चित्र त्या कार्डातून बाहेर पडत असेल आणि तुमची केबल मात्र बोर्डावरच्या भोकात असेल. केबल बदलून बघा. किंवा यंत्र बंद करून, वायर भिंतीतून काढून, कार्डच उपसून ठेवा. हिशेबाच्या सर्व्हरला ते कार्ड बहुतेक वेळा लागतच नाही.

एवढं करूनही काहीच नाही, आणि यंत्र बीप वाजवतंय, तर मात्र रॅमकडे वळा. काढून नीट दाबून बसवा. खोडरबरानं पिना घासायची आपल्याकडची रीत आहेच, करा, पण हलक्या हातानं आणि वीज तोडून.

आता दुसरी गोष्ट. यादी दिसली होती, तुम्ही निवड केली, आणि मग पडदा काळा झाला. बहुतेकांची अडचण हीच असते. इथं रॅम, केबल, मॉनिटर यांचा दोष सहसा नसतो, कारण त्याच केबलनं यादी दाखवली. दुकानदार बोर्ड गेला म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा: मग यादी कशी दिसली?

होतं असं की सॉफ्टवेअर सुरू होताना ते चित्राचा ताबा स्वतःकडे घेतं. स्वतःचा ड्रायव्हर लावतं. कार्ड फार जुनं किंवा फार नवीन असेल तर तो ड्रायव्हर अडखळतो. एनव्हिडियाच्या कार्डांशी, प्रॉक्समॉक्स ज्यावर उभं आहे त्या लिनक्सच्या स्वतःच्या ड्रायव्हरचं जमत नाही, ही तर जुनीच तक्रार आहे.

प्रॉक्समॉक्स असेल तर सोपा उपाय आधी करा. यादीत ग्राफिकल आणि टर्मिनल अशा दोन वाटा असतात. टर्मिनलची वाट धरा. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून ती सोय आहे. दिसायला साधी, नुसती अक्षरं आणि चौकटी. माउसही नको. पण काम तेच होतं. तुमच्या पेन ड्राइव्हवर त्याआधीची आवृत्ती असेल, तर नवीन उतरवून घ्या.

त्यानंही पडदा काळाच राहिला, तर हे करा. यंत्र पुन्हा सुरू करा. त्याच टर्मिनलच्या ओळीवर या, पण एंटर दाबू नका. कीबोर्डवरचं ई दाबा. चारदोन ओळी उघडतील. लिनक्स या शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा. बाणाच्या बटणांनी तिच्या अगदी शेवटी जा. एक जागा सोडा. मग इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहा: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. सगळं सलग. उच्चार नोमोडसेट. मग कंट्रोल धरून एक्स दाबा, किंवा एफ१०.

या शब्दानं तुम्ही यंत्राला सांगता, की चित्राचा ड्रायव्हर लावू नकोस, जे पहिल्यापासून दिसत होतं त्यावरच भागव. सुंदर दिसणार नाही, पण दिसेल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. चुकलं तर पुन्हा सुरू करा, काही बिघडत नाही.

ईएसएक्सआयचं थोडं वेगळं आहे. तिथं काही ओळी येतात, शेवटची ओळ कर्नल सुरू करतोय असं सांगते, आणि मग सगळं गोठतं. काही यंत्रांचं फर्मवेअर ‘मला पडदाच नाही’ असं चुकीचं कळवतं, आणि सॉफ्टवेअर बिचारं त्यावर विश्वास ठेवतं. सुरू होताना शिफ्ट धरून ओ दाबा. आलेल्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून इग्नोर आणि हेडलेस हे दोन इंग्रजी शब्द जोडून लिहा. हेडलेसचा एच मोठा, बाकी अक्षरं छोटी. मग बरोबरचं चिन्ह, मग ट्रू सगळं मोठ्या अक्षरांत. एंटर. बसवून झाल्यावर पहिल्यांदा चालू करतानाही हेच पुन्हा करावं लागतं. त्यानंतर सेटिंगमध्ये ते कायमचं नोंदवून टाका, नाहीतर प्रत्येक वेळी वीज गेली की तुम्हीच हवे.

मध्येच एक गोष्ट सांगून ठेवतो. पेन ड्राइव्हवर सॉफ्टवेअरची फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून भागत नाही. ती खास पद्धतीनं लिहावी लागते. त्यासाठी रुफस नावाचा प्रोग्राम वापरत असाल आणि त्यानं विचारलं, तर प्रॉक्समॉक्ससाठी डीडी पद्धत निवडा. अर्धवट लिहिलेल्या पेन ड्राइव्हनं पोरांचे रविवार खाल्लेत.

कुणी म्हणेल, बायोस, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून टाक, सगळं सुटेल. घाई करू नका. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड खरोखरच जाऊ शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी येते-जाते ते तुम्हाला मी सांगायला नको. यूपीएस असेल तरच त्याला हात लावा, आणि तोही सगळ्यात शेवटी.

आता समजा सगळं झालं. यंत्र पुन्हा सुरू झालं. आणि पुन्हा काळा पडदा, वर पांढऱ्या अक्षरांच्या दोन-चार ओळी! इथं पुष्कळ जण कपाळाला हात लावतात आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेतात. अहो, हेच बरोबर आहे. प्रॉक्समॉक्सला खिडक्या, चित्रं काही नसतात. त्या ओळीत एक पत्ता असतो, शेवटी ८००६. तो पत्ता त्याच वायफायवरच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका. ब्राउझर धोक्याची सूचना देईल. यंत्र तुमचंच आहे, पत्ता तुम्हीच पडद्यावरून वाचलाय, तर पुढं जा. आत गेल्यावर सबस्क्रिप्शन नाही अशी पाटी येते. तोही बिघाड नाही. पैसे न भरता ते वापरता येतं.

पत्ता उघडत नसेल तर तो नीट वाचा. १९२.१६८.१००.२ असा असेल, तर बसवताना नेटवर्कची वायर लावलेली नव्हती, हे जवळजवळ नक्की. यंत्रानं आपल्या मनानं पत्ता घेतला. तो तुमच्या राउटरच्या पत्त्याशी जुळत नाही. वायर लावून पुन्हा बसवणं, हे नवख्याला सगळ्यात सोपं.

कधी कधी तर मॉनिटर पूर्ण काळा असतो आणि ब्राउझरमध्ये सगळं सुरळीत उघडतं. मग त्या मॉनिटरच्या मागं लागू नका. सर्व्हरला तो रोज लागतच नाही. कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो, म्हणजे यंत्र जागं आहे.

घरातल्या मोठ्यांना विजेचं सांगतो. सर्व्हर रात्रंदिवस चालतो. १५० वॅट खात असेल, तर महिन्याला १०८ युनिट झाले. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या वर महाग टप्पा लागतो, आणि घरचा वापर तर वेगळाच. म्हणून पोराला विचारा, रात्री चालू ठेवायची गरज आहे का. शिकण्यापुरता असेल तर झोपताना बंद. मात्र बंद करायचा तो ब्राउझरमधून, शटडाउन म्हणून. भिंतीवरचं बटण दाबून नाही.

एवढं करूनही अडलात, तर विचारायला लाजू नका. आपल्या भागात जाणकारांची वाण नाही, संध्याकाळी हिंजवडीच्या बसमधून उतरतात. पण त्यांच्यापुढं ‘डिस्प्ले येत नाही’ एवढंच म्हणून उभं राहू नका. यंत्र सुरू करायच्या आधी मोबाइलवर व्हिडिओ चालू करा आणि पडदा काळा होईपर्यंत काढा. काळा होण्याआधीची शेवटची ओळ डोळ्याला वाचता येत नाही, व्हिडिओ थांबवून वाचता येते. यंत्राचं मॉडेल लिहून घ्या, ते बहुधा पुढच्या पट्टीवर किंवा बाजूच्या स्टिकरवर असतं. यादी दिसली होती की नाही, नम लॉकचा दिवा लागतो की नाही, केबल कोणत्या भोकात आहे, हेही सांगा. आणि कोणत्या डिस्कवर जपायचा डेटा आहे, हे त्यांनी कीबोर्डला हात लावायच्या आधी सांगा.